वृक्षमंडूकांचे कूळ



वसंत ऋतूत बेडकांविषयी बोलावयाचे म्हणजे अवेळी राग आळवण्यासारखे आहे. वसंताचा मान कोकिळेचा. बेडकांचा हंगाम मृगाच्या सरींनंतरचा. परंतु चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात हे बेडूक जातात तरी कोठे, असा प्रश्न आपणांपैकी कोणाला पडला असेल, तर आजच्या विषयात शिरण्यास तेवढी वाट पुरेशी आहे. काही जमिनीच्या भेगांत उतरतात, काही पाचोळ्याखाली दडतात, काही झाडाच्या ढोलीत बसून राहतात. आणि एक जात तर आपल्या घरातच आश्रय घेते. जुन्या घरांच्या न्हाणीत, रांजणाच्या आडोशाला, भिंतीला घट्ट चिकटून बसलेला, लांब बोटांचा, फिकट तपकिरी रंगाचा बेडूक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो उभ्या भिंतीवर चढतो, आणि चढल्यावर तेथेच निवांत बसून राहतो. हा डबक्यातला बेडूक नव्हे. शास्त्रज्ञ त्याला पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस म्हणतात, आणि ज्या कुलात त्याची गणना होते त्याचे नाव रॅकोफोरिडी. आपण त्यांना वृक्षमंडूक म्हणू.

आपल्या भाषेत कूपमंडूक हा शब्द फार जुना. विहिरीपलीकडे जगच नाही असे समजणारा तो कूपमंडूक. वृक्षमंडूकांची कथा याच्या अगदी उलट आहे. पाण्याशी बांधलेली एक प्राणिजात पाण्यापासून हळूहळू किती दूर जाऊ शकते, हे या कुलाने दाखवून दिले आहे. आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील प्रदेशापासून भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया, चीन आणि थेट जपानपर्यंत हे कूळ पसरले आहे. त्याच्या चारशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, आणि दरवर्षी त्यांत भर पडत आहे.

प्रथम शरीररचना पाहू. झाडावर राहणाऱ्या बेडकाला पहिली गरज म्हणजे चिकटून राहण्याची. त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एक चपटी, गोल गादी असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता या गादीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पेशींची फरसबंदी दिसते, आणि दोन पेशींच्या मधल्या बारीक चरांतून एक पातळ द्रव वाहत असतो. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली तर ती सहजी सुटत नाही. तेच तत्त्व येथे काम करते. शिवाय बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट कसेही वळले तरी गादी मात्र पानावर सपाट टेकते.

या कुलातील काही जातींनी याहूनही पुढची मजल मारली आहे. त्यांच्या हातापायांच्या बोटांमध्ये रुंद पडदे असतात. उंच फांदीवरून उडी घेताना बेडूक ते पसरतो आणि तिरका तरंगत खाली येतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५५ च्या सुमारास बोर्निओतील सारावाकमध्ये असताना एका चिनी कामगाराने त्याला असा बेडूक आणून दिला आणि तो झाडावरून जणू उडतच खाली आल्याचे सांगितले. वॉलेसने त्याचे चित्र काढले, पडद्यांची मोजमापे घेतली आणि १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याची हकीकत दिली. शास्त्रीय नाव मात्र त्याला १८९५ मध्ये बूलेंजरने दिले. आपल्या सह्याद्रीतही याचा एक भाऊबंद आहे. पोपटी रंगाचा, तांबूस-नारिंगी पडद्यांचा हा बेडूक जर्डनने १८७० मध्ये रॅकोफोरस मलबारिकस या नावाने वर्णिला. पावसाळ्यात आंबोलीच्या रानात तो पाहावयास मिळतो. रॅकोफोरस हे नावदेखील मोठे गमतीचे आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो चिंध्या बाळगणारा! १८२२ मध्ये हे नाव प्रसिद्ध झाले ते कूल आणि व्हान हासेल्ट या दोन तरुण अभ्यासकांच्या नावावर. दोघेही जावा बेटावर प्राण्यांचा शोध घेण्यास गेले आणि दोघेही ऐन तारुण्यात तेथेच मरण पावले.

आता वर्गीकरणाकडे वळू. वर्गीकरण म्हटले की कपाटातील बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे रुक्ष काम अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. वर्गीकरण म्हणजे वंशावळ लावणे. आणि वंशावळ लावताना पहिला धोका असतो तो चेहरेपट्टीचा. दोन माणसे सारखी दिसतात म्हणून ती एका घराण्यातील असतातच असे नाही.

दक्षिण व मध्य अमेरिकेतही झाडावर राहणारे शेकडो बेडूक आहेत. त्यांचे कूळ हायलिडी. त्यांच्याही बोटांना गाद्या आहेत, बोटांत कूर्चेचा तोच जादा तुकडा आहे, षट्कोनी पेशीही तशाच. आपला वृक्षमंडूक आणि अमेरिकेतील हायला शेजारी शेजारी ठेवले तर सामान्य माणूस त्यांना सख्खे भाऊ म्हणेल. प्रारंभीच्या अभ्यासकांनाही तसेच वाटे. परंतु एकोणिसाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञांनी खांद्याचा सांगाडा तपासला आणि निराळीच गोष्ट उघडकीस आली. हायलांमध्ये छातीकडील दोन्ही बाजूंच्या कूर्चा एकमेकींवर सरकू शकतात. आपल्या वृक्षमंडूकांत त्या मध्यभागी पक्क्या सांधलेल्या असतात, अगदी डबक्यातील राना बेडकांप्रमाणे. म्हणूनच १८८२ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी बेडकांची मोठी सूची करताना बूलेंजरने आपल्या वृक्षमंडूकांना राना बेडकांच्या कुलात बसविले. त्यांचे स्वतंत्र कूळ १९३२ मध्ये मांडले गेले, आणि पुढेही कित्येक वर्षे त्याविषयी वाद चालू राहिला.

तात्पर्य, गाद्या हा कुळाचा पुरावा नव्हे. तो धंद्याचा पुरावा आहे. लोहाराचे दंड कोणत्याही देशात भरदारच असतात, म्हणून सगळे लोहार एका आईची लेकरे ठरत नाहीत. झाडावर राहण्याचा धंदा ज्याने ज्याने पत्करला त्याला त्याला गाद्या आल्या.

गेल्या काही दशकांत या कामी एक नवे साधन हाती आले. प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा जो मजकूर असतो तो आता अक्षर न् अक्षर वाचता येतो. यातून नाते कसे कळते, हे समजण्यास आपल्याकडील पोथ्यांचे उदाहरण घ्यावे. छापखाने नव्हते तेव्हा पोथीवरून पोथी उतरून घेत. नकलनवीसाच्या हातून एखादे अक्षर चुकले की ती चूक त्या नकलेवरून केलेल्या पुढच्या सगळ्या नकलांत उतरे. दोन पोथ्यांत त्याच त्या चुका आढळल्या तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत हे जाणकार ओळखतो, मग त्या पोथ्यांची बासने कितीही वेगळ्या रंगांची असोत. बेडकांच्या बाबतीत शास्त्रज्ञ हेच करतात. या वाचनाने वृक्षमंडूकांचे सर्वांत जवळचे नातलग कोण हे निश्चित झाले. ते अमेरिकेतील हायला नव्हेत, तर मादागास्कर बेटावरील मँटेलिडी कुलातील बेडूक. आज या दोन कुलांमध्ये हिंदी महासागर पसरला आहे.

परंतु या कुलाची खरी थोरवी त्यांच्या बोटांत नाही. ती त्यांच्या अंड्यांत आहे. बेडकाच्या अंड्याला कवच नसते. ते उघड्यावर सुकते, म्हणून बहुतेक बेडूक पाण्यात अंडी घालतात. त्यांतून शेपटीचे, कल्ल्यांनी श्वास घेणारे पिल्लू निघते. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला भैकेर म्हणतात. भैकेराला पुढे पाय फुटतात, शेपूट झडते आणि बेडूक तयार होतो. हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मात्र पाण्यात धोकाही थोडा नसतो. मासे आहेत, पाणकिडे आहेत, आणि डबके आटण्याची भीती आहे. वृक्षमंडूकांनी या संकटातून वेगवेगळ्या वाटा काढल्या.

पहिली वाट फेसाच्या घरट्याची. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाक्याच्या भिंतीवर बसते, शरीरातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून घुसळून त्याचा पांढराशुभ्र फेस करते. अंडी त्या फेसात राहतात. बाहेरचा थर वाळतो, आतला ओलसर राहतो. काही दिवसांनी भैकेर बाहेर पडतात आणि थेंबांसारखे टपटप खालच्या पाण्यात पडतात. आपला घरातला पॉलिपेडेटिस हेच करतो, आंबोलीचा हिरवा रॅकोफोरसही हेच करतो, आणि आफ्रिकेच्या कोरड्या माळरानातील काइरोमँटिसदेखील हेच करतो. हा काइरोमँटिस भर उन्हात फांदीवर बसू शकतो, कारण त्याच्या कातडीतून पाणी फारच कमी उडते, आणि पक्षी व सरडे यांच्याप्रमाणे तो आपला मलद्रव्यांश युरिक आम्लाच्या रूपाने टाकून पाण्याची बचत करतो.

दुसरी वाट ढोलीची. तैवान व त्याच्या शेजारच्या जपानी बेटांवरील एक जात बांबूच्या तुटलेल्या बुंध्यात साचलेल्या ओंजळभर पाण्याजवळ अंडी घालते. इतक्याशा पाण्यात पिलांना खावयास काय मिळणार? म्हणून आई पुनःपुन्हा तेथे येते आणि फलन न झालेली अंडी घालून पिलांना खाऊ घालते.

तिसरी वाट सर्वांत धाडसाची. तीत भैकेराची अवस्थाच गाळून टाकलेली आहे. मादी मोजकी पण मोठी, पुष्कळ बलक असलेली अंडी ओल्या मातीत, पाचोळ्यात किंवा पानावर घालते. सारी घडण अंड्याच्या आतच पुरी होते, आणि बाहेर पडतो तो चार पायांचा, तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला पुरा बेडूक. डबके नको, ओढा नको. हवेतील ओलावा तेवढा हवा. दक्षिण सह्याद्रीतील एक जात तर उभ्या बांबूच्या पेराला पडलेल्या बारीक फटीतून आत शिरते, आणि नर त्या पोकळीत बसून अंड्यांची राखण करतो. ही हकीकत २०१४ साली उजेडात आली. कुलातील फार मोठा भाग या तिसऱ्या वाटेने गेलेला आहे. आपण त्यांना झुडूपबेडूक म्हणू, कारण ते बहुधा झुडपांच्या पानांवर बसून 'टिक् टिक्' असा बारीक आवाज करीत असतात.

या झुडूपबेडकांच्या वंशावळीची कथा ऐकण्यासारखी आहे. १९१९ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या हद्दीतील, कॅसलरॉक येथील एका चिमुकल्या बेडकाचे वर्णन केले आणि इलाख्यावरून त्याला इक्झॅलस बॉम्बेएन्सिस असे नाव दिले. पुढे इक्झॅलस हे नाव मागे पडले आणि आशियातील असे बहुतेक सारे चिमुकले बेडूक फिलॉटस या एकाच प्रजातीत घालण्यात आले. भारतातले, श्रीलंकेतले, बोर्निओतले, सगळे एका पंगतीत. पोथ्यांचे वाचन सुरू झाले तेव्हा कळले की ही पंगत तीन घराण्यांची आहे. आग्नेय आशियातील ते फिलॉटस. श्रीलंकेतील ते स्यूडोफिलॉटस. आणि मुख्यत्वे सह्याद्रीत व दक्षिण भारतात राहणारे ते राओर्केस्टिस. हे तिसरे नाव २०१० मध्ये देण्यात आले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राध्यापक सी. आर. नारायण राव (१८८२–१९६०) यांच्या स्मरणार्थ ते आहे. दक्षिण भारतातील बेडकांचा अभ्यास त्यांनी अशा काळी केला, जेव्हा या विषयाकडे वळणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. अ‍ॅनंडेल यांचा बेडूक आज राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस या नावाने ओळखला जातो. पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नावही २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका राओर्केस्टिसला मिळाले आहे.

यापुढची गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. २००९ मध्ये बिजू आणि बॉसुइट या संशोधकांनी पश्चिम घाटातील झुडूपबेडकांच्या बारा नव्या जाती वर्णिल्या. त्यांतली एक आंबोलीची. ती तीन-साडेतीन सेंटीमीटरची, रंगाने मातकट, दिसण्यात शेजारच्या झुडूपबेडकांसारखीच. तिचा वंश तपासला तो काय! ती शेजाऱ्यांच्या घराण्यातली नव्हेच. ती श्रीलंकेच्या घराण्यातली, स्यूडोफिलॉटस आंबोली. या घराण्याच्या सत्तरहून अधिक जाती श्रीलंकेत आहेत. भारतात अगदी मोजक्या.

श्रीलंकेचा बेडूक सिंधुदुर्गात कसा आला? बेडूक खाऱ्या पाण्यात जगत नाही, तेव्हा समुद्र पोहून तो आला नाही. भारत आणि श्रीलंका यांच्यामधील समुद्र उथळ आहे. पृथ्वीच्या इतिहासात समुद्राची पातळी वेळोवेळी खाली गेली आणि त्या त्या वेळी हे दोन भूभाग कोरड्या जमिनीने जोडले गेले. अशाच एखाद्या काळी या घराण्याची एक शाखा इकडे आली असली पाहिजे. आणि विशेष म्हणजे वाट असूनही ये-जा फार थोडी झाली. ओलाव्यावाचून न जगणाऱ्या प्राण्याला मधला कोरडा प्रदेश हाच समुद्र होता. म्हणूनच दोन्हीकडे निरनिराळी घराणी वाढली. आंबोलीचा तो मातकट बेडूक म्हणजे या प्राचीन प्रवासाचा जिवंत दस्तऐवज आहे.

येथे कोणी म्हणेल, हे सारे मनोरंजक खरे, पण नावे बदलल्याने बेडकाचे किंवा आपले काय बिघडते? याचे उत्तर व्यवहारातलेच आहे. समजा, एखाद्या गावाने ठरविले की बेडकांचे रक्षण करावयाचे, आणि त्यासाठी एक तळे राखले. डबक्यातील बेडूक त्यामुळे वाचतील. फेसाचे घरटे करणारा रॅकोफोरस मात्र तळ्यावर झुकलेली झाडे तोडली तर वाचणार नाही, मग तळे कितीही भरलेले असो. आणि झुडूपबेडकाला तर तळ्याशी कर्तव्यच नाही. त्याला हवी झुडपांची सावली आणि खालची ओली माती. झुडपे साफ करून, पाचोळा झाडून रान 'स्वच्छ' केले की त्याचे बाळंतघरच नाहीसे होते. ज्याचे कूळ ठाऊक नाही त्याची गरज ठाऊक नाही, आणि ज्याची गरज ठाऊक नाही त्याचे रक्षण सदिच्छेने होत नाही.

श्रीलंकेने याची फार मोठी किंमत दिली आहे. त्या बेटावरील डोंगरउतारांचे रान इंग्रजी अमदानीत कॉफी आणि चहाच्या मळ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. पुढे अभ्यासकांनी जुन्या संग्रहालयांतील बाटल्या उघडून त्यांतील झुडूपबेडूक रानातील बेडकांशी ताडून पाहिले, तेव्हा पंधराहून अधिक जाती अशा निघाल्या की ज्या बाटलीत आहेत पण रानात नाहीत. त्यांतल्या काहींना तर तोवर नावही नव्हते. बारसे झाले ते मृत्यूनंतर. आपल्याकडे बारशाआधी गेलेल्या मुलाची आठवण केवळ आईपाशी राहते. या जातींची आठवण ठेवणारे तेवढेही कोणी नव्हते. एक बाटली होती, इतकेच.

तरीही निराशेचे कारण नाही. केलार्ट याने १८५३ मध्ये वर्णिलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा एक श्रीलंकी झुडूपबेडूक नामशेष मानला गेला होता. दीडशेहून अधिक वर्षांनी तो पुन्हा जिवंत सापडला, आणि २०१३ मध्ये त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. तो ओळखता आला, कारण त्याचे वर्णन कोणीतरी लिहून ठेवले होते. उलट नारायण राव यांनी जमविलेले बेडकांचे नमुने पुढे हरवले. त्यामुळे त्यांनी नाव दिलेल्या काही जाती नेमक्या कोणत्या, हे ठरविणे पुढच्या अभ्यासकांना फार जड गेले. संग्रह जपणे हे काम संशोधनाइतकेच मोलाचे आहे, ते यासाठी.

आज आंबोलीचा तो बेडूक नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. जगातील उभयचरांचा जो आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर पाच जातींपैकी दोन संकटात असल्याचे आढळले. ही माहिती मिळाली, कारण त्या जातींना नावे होती आणि त्या मोजता आल्या. बिननावाचा प्राणी कोणत्याच यादीत येत नाही.

थोड्याच दिवसांत मृग लागेल. कोकणात, घाटात आपले जाणेयेणे होईल. रात्री रस्त्याकडेच्या झुडपांतून 'टिक् टिक्' असा आवाज आला तर क्षणभर थांबावे. बेडकाला धरू नये, पानाला हात लावू नये. ऐकावे, एवढे पुरे. आवाज कोठून येतो, झुडपाच्या उंचीवरून की पाण्याजवळून, एवढे ध्यानात ठेवले तरी त्याच्या कुळाची निम्मी ओळख झाली असे समजावे. आपल्या परसातल्या झुडपांखालचा पाचोळा पावसाळ्यापुरता न झाडता राहू दिला, तर तीही सेवा लहान नव्हे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.